पडणाऱ्याचं कसब

(नोव्हाय, मिशिगन येथील वार्षिक स्मृती-व्याख्यानमालेतलं व्याख्यान. बोलण्याचा बाज शक्यतो तसाच ठेवला आहे.)



गावाच्या नावापासून सुरुवात करतो. नोव्हायला नव्याने राहायला आलेल्या माणसाला पहिल्या महिनाभरात कुणीतरी ही गोष्ट ऐकवतंच. ग्रँड रिव्हर रस्त्यावर टोलनाके होते, सहावा नाका इथे होता, पाटीवर इंग्रजीत 'नं.' आणि पुढे रोमन सहा असं लिहिलेलं होतं, लोकांनी ते जोडून वाचलं आणि झालं नोव्हाय. भारतातून आलेल्या निदान पन्नास पाहुण्यांना मी ही गोष्ट सांगितली असेल. जुन्या कागदपत्रांत रमणारे इथले लोक मात्र ती ऐकून हसतात. टाउनशिपला नाव पडलं 1832 मध्ये. लाकडी फळ्या टाकून केलेला टोलचा रस्ता आला तो त्यानंतर बऱ्याच वर्षांनी. म्हणजे नाक्याच्या आधीच नाव आलं. हे कळल्यावरही गेल्या महिन्यात मी ती गोष्ट व्याह्यांना सांगितली. काय करणार, बेतलीच आहे इतकी चांगली!

आजचा विषय मी समितीला कळवला तेव्हा फोनवर पलीकडे थोडा वेळ शांतता होती. या मालेत ज्ञानेश्वरी झाली, हवामानबदल झाला, गेल्या वर्षी कृत्रिम बुद्धिमत्ता झाली. आणि यंदा हा गृहस्थ टीव्हीवरच्या कुस्तीवर बोलणार! शेवटी समितीतल्या एक काकू म्हणाल्या, "अहो, पण ते खोटं असतं ना?" काकू आज पहिल्या रांगेत बसल्या आहेत. त्यांच्या प्रश्नाचं उत्तर द्यायला मला तासभर लागणार आहे, त्याबद्दल त्यांनी क्षमा करावी.

मी कुडाळकडचा. आमच्याकडे कार्तिकात जत्रा सुरू झाल्या की रात्री दशावतार. देवळापुढे मांड, मागे एक पडदा, मध्ये एक लाकडी बाकडं. राजाचं सिंहासन तेच, राणीचा महाल तोच, जंगलातला खडकही तोच. लिहिलेले संवाद नाहीत. तोंडाला रंग लावता लावता कंपनीचा मालक सांगतो, आज अमुक आख्यान, तू राजा, तू राक्षस. बाकी सगळं उभ्या उभ्या, समोरचा काय बोलतो ते ऐकून. राक्षस मरणार हे आईच्या मांडीवर पेंगणाऱ्या पोरालाही ठाऊक असतं. तरी लोक पहाटेपर्यंत बसतात.

मला एका राक्षसाचं मरण आठवतं. राजाची तलवार लागली, पण तो पडला नाही. बाकड्याचा कोपरा धरला, गुडघ्यावर आला, पुन्हा उठला. पखवाजवाल्याकडे त्याने नुसता एक कटाक्ष टाकला आणि पखवाजाचा बोल बदलला. राक्षस दोन पावलं पुढे आला, राजा दोन पावलं मागे सरला. आत्तापर्यंत चहा पीत उभे असलेले लोक पेले हातात धरून पुढे सरकले. आख्यान शंभर वेळा पाहिलेल्या माणसांना क्षणभर वाटलं की आज काही खरं नाही. आणि मग तो कोसळला, पाठीवर, सरळ, धाडकन. टाळ्या राजाला पडल्या. घरी जाताना वडील म्हणाले, "राजा कोणय होतलो रे. राकेस करूक कसब व्हया."

आज मला जे काही सांगायचं आहे ते एवढंच आहे. फक्त बाकड्याच्या जागी रिंग आहे, आणि पैसे जास्त आहेत.

पुढे इंजिनिअरिंगसाठी कोल्हापूरला गेलो आणि खरी कुस्ती पाहिली. खासबाग मैदान शाहू महाराजांनी बांधून घेतलेलं. चहूबाजूंनी उतरत गेलेली बैठक, मध्ये तांबडी माती. हलगी कडाडतेय, फेटे उडताहेत, मल्ल शड्डू ठोकताहेत. कोल्हापूरकर रागावतील, पण सांगतो: दहांतल्या सहा कुस्त्या कंटाळवाण्या असायच्या. नुसती खडाखडी. एक मल्ल खाली धरून बसलेला, दुसरा त्याच्यावर ओणवा, आणि घड्याळ पुढे चाललेलं. लोक ओरडायचे, "निकाली करा, निकाली!" आणि शेवटी पंच दोघांचे हात वर करून कुस्ती बरोबरीत सोडवायचे. उरलेल्या चारांपैकी एखादी मात्र अशी व्हायची की तिच्यासाठी जन्मभर तिकीट काढावं. खरेपणाचा हा सौदाच आहे. गोष्ट घडली तर घडली, नाही तर नाही.

गामा पैलवानाचं उदाहरण घ्या. 1910 च्या सप्टेंबरमध्ये लंडनला गामा विरुद्ध पोलंडचा स्टॅनिस्लॉस झबिस्को. जगाने वाट पाहिलेली झुंज. झबिस्को मॅटवर पोटावर पालथा पडला आणि अडीच तासांहून जास्त वेळ तसाच चिकटून राहिला. बरोबरी. आठवड्याने पुन्हा कुस्ती ठरली, तर स्वारी आलीच नाही. पुढे 1928 मध्ये पतियाळात दोघे समोरासमोर आले, आणि गामाने मिनिटभराच्या आत चीतपट केलं. अठरा वर्षांचं वैर, आणि पहिला अंक पालथा पडण्यात, शेवटचा डोळ्याचं पातं लवेपर्यंत. कुणा नाटककाराने असं लिहिलं असतं तर निर्मात्याने हाकलून दिलं असतं.

अमेरिकेत जत्रेतले तंबूवाले आणि आखाड्यांचे ठेकेदार यांना हे फार लवकर कळलं. लोक तास-दोन तास पालथा माणूस बघायला पैसे देत नाहीत. 1920 च्या दशकापर्यंत इथली व्यावसायिक कुस्ती आधी ठरवून खेळायची झाली होती. आपल्याकडे तिला नुरा कुस्ती म्हणतात आणि म्हणताना थुंकतात. ते योग्यच आहे, कारण नुरा कुस्तीत प्रेक्षकाला फसवून इनाम लाटायचं असतं. इथे मात्र हळूहळू फसवणुकीचा करार झाला. आतली गोष्ट बाहेर फुटू द्यायची नाही, या पथ्याला धंद्यातले लोक 'केफेब' म्हणतात. ते पथ्य अधिकृतपणे मोडलं 1989 मध्ये, न्यू जर्सीत. धंद्यातल्या सर्वांत मोठ्या कंपनीने सरकारदरबारी लिहून दिलं की हा खेळ नसून करमणूक आहे. कारण? खेळ म्हटलं की क्रीडा आयोगाचे नियम आणि कर लागतात. सत्य बाहेर आलं ते असं, कर वाचवण्यासाठी. प्रेक्षक कमी झाले नाहीत. फ्रान्सच्या रोलाँ बार्थने तर 1957 मध्येच लिहून ठेवलं होतं की झुंज ठरवलेली आहे की नाही, याची या प्रेक्षकाला फिकीरच नसते.

आता आपल्या परिसरात येऊ. ग्रँड रिव्हर रस्ता, जो आपल्या या सभागृहापासून जवळूनच जातो, तो पूर्वेला डेट्रॉईटपर्यंत आणि पश्चिमेला विल्यमस्टनमार्गे लॅन्सिंगपर्यंत जातो. या पट्ट्यात एक माणूस होऊन गेला, एड फरहात. लॅन्सिंगमध्ये लेबनानी कुटुंबात 1926 साली जन्मलेला, दुसऱ्या महायुद्धात अमेरिकेच्या सैन्यात लढलेला. रिंगमध्ये तो 'द शीक' होता, वाळवंटातून आलेला वेडापिसा अरब. डोक्याला रुमाल, समोर चटई, तोंडातून अवाक्षर नाही, आणि हातातून आगीचा गोळा. 1964 पासून डेट्रॉईटची कुस्ती कंपनीही त्याचीच. कोबो अरिनात बेंटन हार्बरच्या बोबो ब्राझीलशी त्याचं वैर वर्षानुवर्षं चाललं. चारचौघांत तो सोंग उतरवत नसे, असं जुने लोक कौतुकाने सांगतात.

कौतुक मलाही आहे, पण एक खोट होती. मालकही तोच आणि राक्षसही तोच. स्वतःचं पडणं स्वतःच ठरवायचं असेल तर माणूस ते पुढे ढकलतो. शीकच्या झुंजी आखूड होत गेल्या, रक्त वाढत गेलं, आणि तो सरळ चीत होणं टाळत राहिला. 1980 पर्यंत कंपनी बंद पडली. मोटारधंद्याची मंदी होती, शहर रिकामं होत होतं, हे सगळं खरं. पण जो राक्षस मरतच नाही त्याच्या दशावताराला दुसऱ्या वर्षी कोण येणार?

आणि मग 29 मार्च 1987. पॉन्टिअ‍ॅकचं सिल्व्हरडोम, इथून गाडीने अर्ध्या-पाऊण तासावर. न्यू जर्सीत लिहून देणाऱ्या त्याच बड्या कंपनीचा सोहळा, रेसलमेनिया तीन. कंपनीने प्रेक्षकसंख्या जाहीर केली 93,173. अभ्यासकांच्या मते खरा आकडा सुमारे 78,000. आमच्या सहाव्या टोलनाक्यासारखंच हे. त्या दिवशी दोन विजेतेपदांच्या झुंजी झाल्या, आणि गोष्ट सांगण्याची दोन घराणी एका छताखाली दिसली.

पहिली, रँडी सॅव्हेज विरुद्ध रिकी स्टीमबोट. विजेतेपदाचा पट्टा सॅव्हेजकडे. आधीच्या नोव्हेंबरात सॅव्हेजने स्टीमबोटचा गळा कठड्यावर आपटला होता आणि मग रिंगची लोखंडी घंटा घेऊन त्यावर उडी मारली होती. स्वरयंत्र चिरडलं, असं प्रेक्षकांना सांगितलं गेलं. आता झुंजीचं व्याकरण बघा. स्टीमबोट पहिल्यांदा हाताला लागताच सॅव्हेज कुठे मारतो? गळ्यावर. दोराला अडकवतो तेही गळ्याने. चार महिन्यांपूर्वीची जखम पुन्हा पुन्हा उघडी केली जाते, कुणी एक शब्द न बोलता. साडेचौदा मिनिटांत किती वेळा पंच दोनपर्यंत मोजतो आणि खालचा खांदा उचलतो! लोक प्रत्येक वेळी उठतात आणि प्रत्येक वेळी बसतात. मग पंच धक्का लागून आडवा होतो.

इथे जरा थांबतो. 2025 च्या फेब्रुवारीत अहिल्यानगरला महाराष्ट्र केसरीच्या मैदानात पंचांच्या निर्णयावरून काय झालं, ते तुम्ही व्हॉट्सअ‍ॅपवर पाहिलंत. पंचाला लाथ बसली आणि महाराष्ट्र दोन दिवस त्यावर बोलत होता. खऱ्या कुस्तीत पंच पडला की कुस्तीच संपते. रिंगमध्ये पंच पडला की गोष्टीचा तिसरा अंक सुरू होतो, कारण आता पाप बघायला कुणी नाही.

पंच आडवा झाल्यावर सॅव्हेज जाऊन घंटा आणतो. तीच घंटा. दोरांवर चढतो. स्टीमबोटच्या बाजूने आलेला जॉर्ज स्टील त्याला तिथून ढकलतो. सॅव्हेज पडतो, सावरतो, स्टीमबोटला आपटायला उचलतो, आणि स्टीमबोट त्या उचलण्यातच वळून त्याची छोटीशी मोळी बांधतो. एक, दोन, तीन. पट्टा गेला. ज्या हत्याराने गुन्हा झाला त्याच हत्याराच्या मोहात गुन्हेगार सापडला.

हे सगळं कुणी बेतलं? हरणाऱ्याने. सॅव्हेज हा अतोनात काटेकोर माणूस. स्टीमबोटनेच पुढे सांगितलं आहे की सॅव्हेजने पिवळ्या कागदांवर झुंजीचा एकेक डाव क्रमांक घालून लिहिला होता, आणि तो स्टीमबोटची तोंडी परीक्षा घ्यायचा: मी बावीस म्हटलं की पुढे काय? त्या काळी बहुतेक मल्ल आमच्या दशावतारी नटांसारखे उभ्या उभ्या बेतत. सॅव्हेज हा संहिता लिहिणारा नट. आणि त्या संहितेच्या शेवटच्या ओळीत त्याने स्वतःला चीत केलं होतं.

दुसरी झुंज हल्क होगन विरुद्ध आंद्रे द जायंट. डावपेच म्हणाल तर यात फार काही नाही. खासबागेतल्या जाणकाराने पाच मिनिटांत तंबाखू मळायला घेतली असती. आंद्रेच्या पाठीची शस्त्रक्रिया झालेली, अंगातल्या कपड्याखाली पाठीला आधाराचा पट्टा बांधलेला, चालणंही जड. बारा मिनिटांतली बरीचशी आलिंगनात गेली, तेही अस्वलाच्या. मग ही झुंज लोक चाळीस वर्षं का सांगतात?

उत्तर पहिल्याच मिनिटात आहे. होगन धावत जाऊन आंद्रेला उचलायचा प्रयत्न करतो. उचलत नाही, त्याच्या भाराखाली स्वतःच आडवा होतो. पंच मोजतो, एक, दोन, आणि होगन कसाबसा सुटतो. तिथून पुढची अकरा मिनिटं प्रेक्षकांच्या मनात एकच प्रश्न आहे: हा डोंगर उचलला जाईल का? आणि हा प्रश्न विचारतोय आंद्रे, न हलून. तो मार खातो पण पडत नाही, डोलतो पण पडत नाही. एखादं जुनं झाड तोडताना माणसं जशी लांब उभी राहतात तसं सगळं स्टेडियम. शेवटी तो एकदा जमिनीवर येतो, उठतो, आणि होगन त्याला उचलून आपटतो. आता दुखऱ्या पाठीचा तेवढा अजस्र माणूस स्वतः साथ दिल्याशिवाय उचलला जात नाही, हे कुठल्याही हमालाला विचारा. त्याने उचलू दिलं. होगन त्या एका उचलीवर पुढचं आयुष्य जगला, आणि दरवेळी सांगताना आंद्रेचं वजन वाढवत गेला. आंद्रे सहा वर्षांनी, 1993 च्या जानेवारीत, सेहेचाळिसाव्या वर्षी गेला.

धंद्यात याला 'सेल करणं' म्हणतात, मार विकणं. मारणारा ठोसा कुणीही मारेल, पण तो लागला हे प्रेक्षकाला विकतो तो खाणारा. समोरच्याला मोठं करून स्वतः खाली जाण्याला ते 'वर काढणं' अशा अर्थाचा शब्द वापरतात. आपल्या भाषेत हेच चपखल बसतं. विहिरीतून माणसाला वर काढायचं तर कुणीतरी खाली उतरावंच लागतं.

पट्ट्याबद्दल थोडं. काही तरुण मित्र म्हणतात, चांगली झुंज ती चांगली झुंज, पट्टा असो वा नसो. मला पटत नाही. महाराष्ट्र केसरीची चांदीची गदा जशी कुणाच्या खांद्यावर आहे यावरून वर्षभर गावागावांतलं बोलणं ठरतं, तसंच इथे पट्टा म्हणजे लोकांच्या उधारीची वही. आणि नियमात एक सुंदर फट आहे: साधारणपणे पट्टा जातो तो फक्त चीत झाल्यावर किंवा शरण आल्यावर. विजेता नियम मोडून बाद झाला तर झुंज हरतो, पट्टा राहतो. म्हणजे खलनायकाला पाप करायला व्यवहारी कारण मिळालं! नुसत्या दुष्टपणापेक्षा हिशेबी दुष्टपणा रंगतो, हे आपल्याला कारस्थानी शकुनीमामापासून ठाऊक आहे.

आपल्याकडेही असे पट्ट्यांचे सोहळे झाले. 29 मे 1968 ला मुंबईत दारा सिंगने लू थेझला हरवून जागतिक विजेतेपद घेतलं. आमच्या मामाने ती आठवण मरेपर्यंत सांभाळली; त्याच्या सांगण्यात दारा सिंग दरवेळी वीतभर उंच व्हायचा. थेझचं नाव मात्र मामाला नीट घेता यायचं नाही. पण विचार करा, अमेरिकेतला खराखुरा कसलेला मल्ल, तोवर अनेकदा जगज्जेता झालेला, सात समुद्र ओलांडून आला आणि दुसऱ्याच्या गावात, दुसऱ्याच्या लोकांसमोर पडला. मामाच्या आयुष्यभराच्या आनंदातला अर्धा वाटा त्याचा आहे.

आता पुन्हा इकडे येऊ. 1 एप्रिल 2007 ला डेट्रॉईटच्या फोर्ड फील्डला मी मुलाला घेऊन गेलो. जॉन सीना विरुद्ध शॉन मायकल्स. मुलगा दहा वर्षांचा, सीनाचा भक्त. आमच्या मागे बसलेला सगळा जथा मायकल्सचा. मायकल्सने सीनाचं डोकं लोखंडी पायऱ्यांवर आपटलं तेव्हा मुलाने माझा दंड असा धरला की नखं उमटली. शेवटी सीनाने कुलूप घातलं आणि मायकल्स शरण आला. पण शरण येण्याआधी तो सुटकेसाठी दोराकडे सरपटला. हात पोचला नाही. मागे ओढला गेला. पुन्हा सरपटला. परतीच्या वाटेवर गाडीत मुलगा गप्प होता. त्याचा माणूस जिंकला होता. फार्मिंग्टन हिल्सजवळ कुठेतरी तो म्हणाला, "बाबा, शॉन खूप चांगला आहे." दहा वर्षांच्या पोरापर्यंत हे त्या पडणाऱ्याने पोचवलं होतं.

2023 च्या ऑगस्टमध्ये फोर्ड फील्डलाच रोमन रेन्स आणि जे उसो यांची झुंज झाली. चुलतभाऊ, घराण्याचं प्रमुखपद, आणि ऐन जिंकायच्या क्षणी जेला रिंगबाहेर ओढणारा त्याचा जुळा भाऊ. मराठी माणसाला समजावून सांगायला एक शब्द पुरतो: भाऊबंदकी. बांधावरून डोकी फुटलेली गावं पाहिलेल्या माणसाला त्यात नवीन काहीच नव्हतं. माझ्या मते झुंज वीस मिनिटांनी लांबली.

काकू, तुमच्या प्रश्नाचं राहिलेलं अर्धं उत्तर. रिंगखाली लोखंडी तुळया असतात, वर लाकडी फळ्या, वर पातळसा फोम आणि कापड. गादी नव्हे. वर्षातून दीडशे-दोनशे रात्री त्यावर पाठ टाकायची. निकाल खोटा, पाठ खरी. मणके खरे, गुडघे खरे, वेदनाशामक गोळ्यांचं व्यसन खरं, आणि लवकर येणारी मरणंही खरी. सॅव्हेज अठ्ठावन्नाव्या वर्षी गेला. माझं या धंद्यावर प्रेम आहे, पण त्याच्या मालकांवर नाही. पडणाऱ्यांच्या पाठीवर उभ्या राहिलेल्या कंपन्यांनी त्यांना कायम नोकर न म्हणता कंत्राटदार म्हटलं, म्हणजे आरोग्यविम्याची जबाबदारी नको.

सिल्व्हरडोम आता नाही. पुढे ते ओस पडलं, छत फाटलं, आत पाणी साचलं. 3 डिसेंबर 2017 ला, रविवारी सकाळी, सुरुंग लावून पाडायचं ठरलं होतं. मुलगा तेव्हा अ‍ॅन आर्बरला शिकत होता, सुट्टीचा घरी आलेला. आम्ही दोघं स्वयंपाकघरात फोनवर बघत होतो. स्फोटांचे आवाज झाले, धुराचे लोट उठले, आणि धूर विरला तेव्हा ते जसंच्या तसं उभं होतं. मी काही म्हणायच्या आत मुलाने ओट्यावर दोनदा हात आपटला आणि ओरडला, "दोन! फक्त दोन!"

दुसऱ्या दिवशी पुन्हा सुरुंग लावले. तेव्हा पडलं.